वैद्यकीय गांजाचे नियम आणि सोलापूरचे रुग्ण : मागणी कोणाकडे, कशी न्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते सोलापूरचे असून त्यांच्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचा आजार) आहे. पायांचे स्नायू आखडल्यामुळे तिला रात्र रात्र झोप लागत नाही. उपचारांच्या निमित्ताने ओळख झालेली कर्करोगाच्या रुग्णांची आणि अपस्मार असलेल्या मुलांची काही कुटुंबे आता त्यांच्यासोबत एकत्र आली आहेत. अमेरिकेत रुग्णांनी संघटित होऊन आपापल्या शहरांत वैद्यकीय गांजाचे नियम करून घेतले, असे त्यांनी वाचले आहे. सोलापूर महापालिकेकडून किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून असे काही करून घेता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असे ते विचारतात.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे औषध निरीक्षक म्हणून गेली आणि निवृत्तीनंतर मी रुग्णांच्या गटांना परवान्यांच्या व अर्जांच्या कामात मदत करतो. त्यामुळे पुढील उत्तर टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून दिलेले आहे. थेट सांगायचे तर महापालिकेच्या हातात या विषयातले काहीही नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात फार थोडे आहे. नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. मात्र तो वापरायला शासनाला भाग पाडील असा कागद जिल्ह्यातच तयार होतो, आणि तो तयार करणे हेच तुमच्या गटाचे खरे काम आहे.

अमेरिकेतला अनुभव इथे जसाच्या तसा का लागू होत नाही, ते आधी समजून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सची साथ शिगेला पोहोचली असताना भूक मेलेल्या आणि वजन झरझर उतरणाऱ्या रुग्णांना गांजाने थोडा आराम पडतो, असे रुग्णांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या लक्षात आले. १९९१ साली त्या शहराच्या मतदारांनी 'प्रपोझिशन पी' हा ठराव संमत केला. तो बंधनकारक नव्हता, परंतु डॉक्टरांना व रुग्णांना त्याने बळ दिले. १९९६ साली संपूर्ण कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन २१५' हा कायदा थेट लोकमताने मंजूर झाला. तरीही रुग्णांची वणवण थांबली नाही, कारण औषध देणारी केंद्रे कुठे असावीत, ती किती असावीत, मुळात असावीत की नसावीत, हे तिथे शहरे आणि परगणे ठरवतात. शहरांना अशा केंद्रांवर पूर्ण बंदीही घालता येते, असा निर्णय २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात दिला. म्हणून तिथले रुग्ण नगर परिषदेच्या सभांना व्हीलचेअरवर बसून हजर राहिले आणि तीन मिनिटांच्या भाषणांत त्यांनी आपली कैफियत मांडली. ज्या सभागृहात निर्णय होत होता त्याच सभागृहात ते गेले, इतकाच त्यातला आपल्या उपयोगाचा भाग आहे. आपल्याकडे ते सभागृह महापालिकेच्या इंद्रभुवनात नाही, मुंबईत आहे.

आता आपला कायदा. पोलिसांच्या फिर्यादीत ज्याचे 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' असे लांबलचक नाव येते आणि ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो कायदा पुष्कळांना केवळ शिक्षांमुळे ठाऊक असतो. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण धरले जाते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत असते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये सगळ्या मनाईला 'वैद्यकीय अथवा वैज्ञानिक प्रयोजन' हा अपवाद आहे. कलम १० अन्वये कॅनॅबिसच्या (गांजा, चरस व भांग ज्यापासून मिळतात त्या) झाडाची लागवड आणि चरस वगळता गांजाचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, विक्री व वापर यांना परवानगी देण्याचा आणि त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे. कलम ७८ राज्याला त्यासाठी नियम करण्याची मुभा देते. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे या कायद्याच्या व्याख्यांमध्ये 'औषधी कॅनॅबिस' हा स्वतंत्र शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ कॅनॅबिसचा अर्क किंवा टिंक्चर असा दिलेला आहे. औषधी कॅनॅबिस हे 'निर्मित औषधी द्रव्य' ठरते. अशा द्रव्यांच्या निर्मितीचे नियमन मुख्यतः केंद्राकडे आहे, तर ती बाळगणे, त्यांची वाहतूक, विक्री आणि वापर यांचे नियमन राज्याकडे आहे. 'गांजा औषध म्हणून वापरायचा तर दिल्लीत कायदा बदलावा लागेल' असे जे सरसकट सांगितले जाते, ते म्हणूनच अर्धेच खरे आहे. गरज आहे ती मुख्यतः नियमांची, आणि त्यांतला मोठा वाटा महाराष्ट्र शासनाचा आहे.

पानांची गोष्ट निराळी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे पानांपासून, म्हणजे भांगेपासून केलेली आयुर्वेदिक औषधे आजही कायदेशीरपणे मिळतात. त्यांच्या उत्पादनाला परवाना लागतो आणि आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देते. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी मात्र वेगळा विक्री परवाना लागत नाही. भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत बचनाग, धोत्रा, कुचला यांच्या पंक्तीला बसलेली असल्याने अशा औषधाच्या लेबलावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत असावीच लागते. पाने एनडीपीएसबाहेर असली तरी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा वेगळा कायदा आहे आणि मादक द्रव्य म्हणून भांग त्याच्या कक्षेत येऊ शकते. तेव्हा 'भांग मोकळी आहे' अशा समजुतीने कोणी घरी पाने वाटून रुग्णाला देऊ लागला, तर ते औषधही नव्हे आणि बचावही नव्हे.

यातून एक अडचण उभी राहते, आणि तुमच्या गटाला बहुधा ती सर्वांत आधी भेटेल. पोलिसांकडचा तपासणी संच रंग बदलून एवढेच सांगतो की पदार्थात कॅनॅबिनॉइड, म्हणजे या झाडातली विशिष्ट रसायने, आहेत. ते पानातून आले की शेंड्यातून, हे त्या रंगावरून कळत नाही. सोलापूर हे हैदराबाद–पुणे महामार्गावरचे शहर आहे आणि आंध्र–ओडिशा सीमेकडून येणारा गांजा या वाटेवर पकडला जातो. उसात किंवा तुरीत लावलेली गांजाची झाडे उपटल्याच्या बातम्याही आपल्याकडे अधूनमधून येतात. अशा जिल्ह्यात नाकाबंदीवर उभ्या असलेल्या हवालदाराने तेलाच्या बाटलीकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल नाही. रुग्णाचे रक्षण त्या वेळी बाटली आणि तिच्यासोबतचे कागदच करतात. लेबलावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्यांच्या यादीत वनस्पतीचा वापरलेला भाग आणि वर सांगितलेली सावधगिरीची सूचना हे सारे असले पाहिजे. त्यासोबत नोंदणीकृत वैद्यांची रुग्णाच्या नावाची चिठ्ठी आणि त्याच बॅच क्रमांकाचे बिल हवे. औषध दुसऱ्या डबीत काढून प्रवासात नेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती या औषधापुरती तरी मोडावी.

वैद्यकीय बाजूबद्दल मी डॉक्टरच्या थाटात बोलणार नाही, परंतु मागणी लिहिणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असायलाच हव्यात. पुरावा सगळ्या आजारांसाठी सारखा नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडण्यावर गांजातले टीएचसी (गुंगी आणणारे) व सीबीडी (म्हणजेच कॅनाबिडिऑल) हे दोन्ही घटक असलेला तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० साली मान्य झाला. इतर औषधांनी गुण आला नाही तरच तो दिला जातो, आणि भारताच्या बाजारात तो नाही. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या बालपणीच्या दोन अवघड अपस्मारांसाठी शुद्ध कॅनाबिडिऑलचे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. हा पुरावा चांगला आहे, परंतु सरसकट प्रत्येक फिट येणाऱ्या मुलाला तो लागू होत नाही. केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर टीएचसीसदृश गोळ्या जुन्या आणि मान्यताप्राप्त आहेत. कर्करोगाच्या वेदनेवर मात्र तोच फवारा मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फरक दाखवू शकला नाही. गांजाने कर्करोग बरा होतो, याला माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. हे वाक्य तुमच्या गटातल्या प्रत्येकाने पाठ करावे, कारण या एका दाव्यामुळे संपूर्ण अर्ज हास्यास्पद ठरू शकतो.

अपस्मार असलेल्या मुलांच्या पालकांना आणखी एक सांगायचे आहे. आपल्याकडे क्लोबाझाम हे फिटचे औषध पुष्कळ मुलांना दिले जाते. कॅनाबिडिऑल सोबत दिल्यास क्लोबाझामच्या क्रियाशील घटकाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि मूल सुस्तावते. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधासोबत यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. ऑनलाइन मागवलेले तेल न्यूरॉलॉजिस्टला न सांगता सुरू करणे म्हणून धोक्याचे आहे. पुढे त्याच डॉक्टरांकडून तुम्हाला शिफारसपत्र हवे असेल, तर ही लपवाछपवी मोहिमेलाही महागात पडते.

आता ज्या उदाहरणाचा अभ्यास तुम्ही कॅलिफोर्नियापेक्षाही आधी करायला हवा, त्याकडे वळतो. ते आहे मॉर्फिनचे. हे औषध कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर अनेक दशके प्रमाण मानले गेले आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि त्यासाठी लागणारी अफू आपलाच देश कायदेशीरपणे पिकवतो. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. कायद्याने वैद्यकीय वापर बंद केलेला नव्हता. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एका खेपेसाठी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, त्यांच्या मुदती एकमेकांत न बसणाऱ्या, आणि नोंदीत एखादी गोळी कमी भरली तरी थेट तुरुंगाची तरतूद, अशा परिस्थितीत औषध दुकानदार, कंपन्या आणि रुग्णालये यांनी साठा ठेवणेच सोडून दिले. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाची बाजूही सांगतो. मॉर्फिनच्या अर्जावर सही न केल्याबद्दल अधिकाऱ्याला कोणी नोटीस देत नसे, सही करून पुढे काही गडबड झाली तर मात्र चौकशी ठरलेली असे. खिडकीवर मिळणाऱ्या नकारामागे कायद्याच्या कलमापेक्षा नोटिशीची धास्तीच जास्त असते, हे मी आतून पाहिलेले आहे.

हे चित्र बदलायला जवळजवळ दोन दशके लागली. १९९८ साली केंद्राने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला, पण थोड्याच राज्यांनी तो स्वीकारला. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन वेदनामुक्तीची सेवा उभी केली आणि तोंडाने घ्यायचे मॉर्फिन गैरवापराविना लोकांच्या घरापर्यंत नेता येते, हे प्रत्यक्ष करून दाखवले. २००७ साली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. शेवटी २०१४ साली संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' हा नवा वर्ग निर्माण केला. २०१५ च्या मे महिन्यात आलेल्या नियमांनी मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांसाठी देशभर एकच पद्धत लागू केली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता दिलेल्या रुग्णालयाला निरनिराळ्या परवान्यांसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. प्रशिक्षित डॉक्टर आणि नीट ठेवलेली नोंदवही एवढी त्याची मुख्य अट आहे.

या लढ्यात मागणी 'अफू मोकळी करा' अशी कधीच नव्हती. मागणी होती एका औषधाची, ठरावीक रुग्णांसाठी, ठरावीक नोंदींसह. औषध आधीच कायद्यात बसत होते, अडथळा प्रक्रियेत होता, आणि प्रक्रिया कुठे अडते ते रुग्णांच्या व डॉक्टरांच्या नोंदींनी कलमवार दाखवून दिले गेले. वैद्यकीय गांजाच्या बाबतीत तुम्हाला हीच वाट धरायची आहे. मी तर पुढे जाऊन असे सुचवीन की तुमच्या गटाचे पहिले काम गांजाचे नसून मॉर्फिनचेच असावे. सोलापूर जिल्ह्यात कर्करोगाचे रुग्ण काही कमी नाहीत. बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालते आणि तिथेच नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. मिश्री-तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या विडी कामगार बायका आपल्या पूर्व भागात कोणालाही भेटतील. यांतल्या किती रुग्णांना घराजवळ मॉर्फिनची गोळी मिळते, हे आधी शोधा. जो हक्क कायद्याने आधीच दिला आहे तो जिल्ह्यात पोहोचवून दाखवणाऱ्या गटाचे म्हणणे पुढे गांजाबाबतही ऐकले जाईल. आणि समजा गांजाचे नियम दहा वर्षे झाले नाहीत, तरी दरम्यान कोणाची तरी वेदना कमी झालेली असेल.

माहितीचा अधिकार इथे उपयोगी पडतो. दहा रुपये शुल्क भरून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. जिल्ह्यात मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था किती आहेत, त्यांची नावे काय, मान्यतेसाठी आलेले किती अर्ज प्रलंबित आहेत आणि सर्वांत जुना प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेचा आहे, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. 'का' ने सुरू होणारे प्रश्न माहिती अधिकारात विचारू नयेत. त्यांना 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेले असते. आलेले उत्तर हाती धरून सहायक आयुक्तांची भेट मागा आणि भेटीला तिघांपेक्षा जास्त जण नेऊ नका. घोळका आत शिरला की अधिकारी बोलण्याऐवजी निवेदन स्वीकारून फोटो काढू देतो, आणि काम तिथेच संपते.

गटाची रचना साधी ठेवा. सात सभासद असले की संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी होते आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी धर्मादाय कार्यालयात करता येते. उद्देशपत्रिकेत 'गांजा' हा शब्द घालण्याचा हट्ट धरू नका. 'दीर्घकालीन वेदना व चेतासंस्थेचे आजार असलेल्या रुग्णांना मान्यताप्राप्त औषधे उपलब्ध व्हावीत यासाठी प्रयत्न करणे' एवढे पुरे आहे, आणि ते खरेही आहे. तुमच्या बहिणीचा आजार दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे नमूद आहे. तिचे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढलेले नसेल तर ते आधी काढा, म्हणजे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचे दारही तुमच्यासाठी उघडे राहील. सभासदांत निदान एक न्यूरॉलॉजिस्ट किंवा कर्करोगतज्ज्ञ, एक वैद्य आणि एक वकील सल्लागार म्हणून असावेत. औषध कंपनीचा माणूस मात्र पदाधिकारी नसावा आणि कंपनीचा पैसाही नसावा. भांगेच्या पानांची औषधे विकणाऱ्या काही कंपन्या रुग्णांच्या गटांना मदत द्यायला तयार असतात. तो पैसा घेतलात की मंत्रालयात तुमचे निवेदन कंपनीचे निवेदन म्हणूनच वाचले जाईल.

नोंदणीपेक्षाही महत्त्वाची आहे ती रुग्णाची फाइल. प्रत्येक रुग्णामागे एक फाइल आणि तिच्यात क्रमाने निदानाचे कागद, आजवर दिलेल्या औषधांची मात्रा व कालावधीसह यादी, त्यांतले प्रत्येक औषध का थांबवले याची डॉक्टरांच्या सहीची नोंद, आणि घरी लिहिलेली वेदनेची वही. या वहीत रोज संध्याकाळी एकाच वेळी शून्य ते दहा या मोजपट्टीवर आकडा लिहायचा, रात्री किती तास झोप झाली आणि किती वेळा पाय आखडले ते लिहायचे. 'असह्य त्रास होतो' हे वाक्य अधिकारी रोज ऐकतो. 'बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारे औषध) वाढवत नेले, तिसऱ्या आठवड्यात इतकी गुंगी आली की ती जेवताना ताटावर कलंडली, म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि पुन्हा रात्रीत सात-आठ वेळा पाय आखडू लागले' अशी नोंद मात्र त्याच्या टिपणीत उतरते. एकाच नमुन्यात भरलेल्या अशा पंचवीस-तीस फाइली एकत्र आल्या तर तो जिल्ह्याचा दस्तऐवज होतो. बाहेर दाखवताना नावे झाकून क्रमांक द्यावेत.

सोलापूरला हे काम परके वाटू नये. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. २००६ साली ती पूर्ण झाली आणि त्यानंतर रे नगर ही कामगारांची दुसरी वसाहत उभी राहिली. मोर्चे सगळ्यांना दिसले. पण घरकुलाची योजना नुसत्या मोर्च्यावर मंजूर होत नाही. तिला प्रत्येक कामगाराच्या नावानिशी कागद लागतात आणि ते गोळा करायला चिकाटी लागते.

काय करू नये, तेही स्पष्ट सांगतो. गटाने स्वतः कोणतेही औषध साठवायचे नाही, वाटायचे नाही आणि सभासदांना एकत्र मागवून द्यायचे नाही. पानांचे कायदेशीर औषध असले तरीही नाही. प्रत्येक रुग्णाने स्वतःच्या चिठ्ठीवर, स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्यावे. व्हॉट्सअॅप गटावर 'अमुक ठिकाणी चांगला माल मिळतो' असा एक संदेश आला आणि तो कोणी तसाच राहू दिला, तरी एनडीपीएसच्या कलम २९ खाली अपप्रेरणा (गुन्ह्याला चिथावणी) आणि कटाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. मग रुग्णांचा गट आणि टोळी यांतला फरक तपास अधिकाऱ्याला समजावत बसावे लागेल. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकून मोठे फलक लावण्याची कल्पना तरुण कार्यकर्त्यांना हमखास सुचते. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार कर्करोग, अपस्मार यांसारख्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. फलकावर आजाराचे नाव आणि औषधाचे नाव शेजारी शेजारी आले की तुम्ही त्यात सापडता. मौजेसाठी गांजा खुला करावा असे म्हणणाऱ्यांशी व्यासपीठ वाटून घेऊ नका. त्यांची भूमिका बरोबर की चूक यात मी शिरत नाही, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या रुग्णाचे कोणी ऐकत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थविरोधी कारवाईच्या समन्वयाची जिल्हा समिती असते. पोलीस, उत्पादन शुल्क, अन्न व औषध प्रशासन अशी खाती तिथे एकत्र बसतात. तिचे काम कारवाईचे असले तरी तुमच्या एका मर्यादित विनंतीसाठी ती योग्य जागा आहे. परवानाधारक आयुर्वेदिक औषध, वैद्यांची चिठ्ठी व बिल जवळ असलेल्या रुग्णावर कारवाई करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडून लेबलाची खातरजमा करावी, अशी सूचना पोलीस ठाण्यांना द्यावी, एवढीच ती विनंती. शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय वेगवेगळे असल्याने पत्राच्या प्रती दोघांनाही द्याव्यात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक तक्रार चालते, धोरणाची मागणी चालत नाही, म्हणून हा विषय तिथे नेऊन वेळ घालवू नका.

राज्य शासनाकडे जाणारे निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नसावे आणि त्यात तीनच मागण्या असाव्यात. पहिली, कलम १० व ७८ खालील आपल्या अधिकारात राज्याने वैद्यकीय वापरासाठीच्या नियमांचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमावी आणि तिच्यावर रुग्णांचा निदान एक प्रतिनिधी घ्यावा. दुसरी, कोणत्या आजारांसाठी, कोणत्या तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर आणि कोणत्या रुग्णालयांतून औषध द्यावे, हे ठरवताना मॉर्फिनसाठीची मान्यताप्राप्त संस्थांची पद्धत नमुना म्हणून घ्यावी. तिसरी, राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांना या विषयावर रीतसर चाचण्या करायला प्रोत्साहन द्यावे. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय त्यात असावे, असे नावानिशी लिहायला हरकत नाही. गृह, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये, आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही विभागांना निवेदनाच्या स्वतंत्र प्रती द्या, नाहीतर एक विभाग दुसऱ्याकडे अभिप्रायासाठी पाठवून मोकळा होतो. सोबत तुमच्या आमदारांकरवी विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज दाखल करण्याचा प्रयत्न करा. हे दार लोकांना फारसे माहीत नाही. मोर्च्यापेक्षा त्याचा गाजावाजा कमी, पण समितीने विषय घेतला तर विभागाच्या सचिवांना उत्तर द्यावे लागते.

इतर राज्यांचे दाखले निवेदनाला जोडा. उत्तराखंडने २०१८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचल प्रदेशात शासनाने आमदारांची समिती नेमली आणि औषधी व औद्योगिक वापरासाठी नियंत्रित लागवडीची शिफारस करणारा तिचा अहवाल २०२४ च्या सप्टेंबरमध्ये विधानसभेने स्वीकारला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून कॅनॅबिस वगळले. २७ विरुद्ध २५ अशा त्या मतदानात भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले होते. यांतला हिमाचलचा दाखला मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तिथे समिती नेमून काम झाले आणि आपल्याकडे मागायचे आहे तेही तेच. उत्तराखंडचे उदाहरण धाग्याच्या व बियांच्या शेतीचे आहे. ते वैद्यकीय मागणीत मिसळले तर शेतकऱ्यांचे प्रश्न पुढे येतात आणि रुग्ण मागे पडतात.

न्यायालयाचा विचार सर्वांत शेवटी करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. परंतु नवे धोरण आखा असा आदेश न्यायालये सहसा देत नाहीत. शासनाने निवेदनावर मुदतीत निर्णय घ्यावा, एवढा आदेश मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यासाठीही आधी दिलेली निवेदने, त्यांच्या पोचपावत्या, स्मरणपत्रे आणि माहिती अधिकारातील उत्तरे तारखेनिशी हाती हवीत. म्हणून आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यालयातून बाहेर पडू नका. शिपाई 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हणाला तरी थांबा.

बहिणीच्या उपचाराबाबत आजच करण्यासारखी गोष्ट अशी. पुढच्या भेटीपर्यंत वर सांगितलेली वही तीन-चार आठवडे नेमाने लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बॅक्लोफेन, टिझानिडीन यांच्या मात्रा, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास बोटुलिनमची इंजेक्शने हे पर्याय पूर्ण वापरून झाले आहेत का, ते त्यांच्याकडूनच फाइलमध्ये लिहून घ्या. पानांच्या आयुर्वेदिक औषधाचा विचार करणार असाल तर वैद्यांची चिठ्ठीही त्याच फाइलमध्ये लावा आणि न्यूरॉलॉजिस्टला ती दाखवा. गुंगी आणणारी दोन औषधे एकत्र आल्यावर रात्री उठताना तोल जातो, हे तिला आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा. गटातल्या इतर कुटुंबांना हाच नमुना द्या. पहिल्या दहा फाइली पुऱ्या झाल्या की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. निवेदनाचा मसुदा त्याचे उत्तर आल्यानंतरच लिहायला घ्या.